कच्चे मडके, पक्के मडके : ईश्वरनिष्ठेतील श्रद्धा, अनुभव आणि पारख

ईश्वरावरील विश्वास श्रद्धेतून उद्भवतो की व्यक्तिगत अनुभवातून, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. त्याची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिल्या उत्तराप्रमाणे श्रद्धा ही मूळ होय. जो मुळातच मानीत नाही त्यास अनुभव यावयाचा नाही, आणि आलाच तरी तो त्यास ओळखता यावयाचा नाही. दुसऱ्या उत्तराप्रमाणे अनुभवावाचूनची श्रद्धा ही केवळ उसनवारी होय. ज्याने स्वतः पाहिले त्याचाच शब्द खरा. ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीत आहे. अनुभव एकदा आला की त्यापुढे विचारण्यासारखे काही उरत नाही, हे दोन्ही पक्ष मानून चालतात. मराठी संतपरंपरेने नेमके हेच गृहीत एका कथेच्या द्वारे तपासले आहे. ती कथा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावाच्या गोरोबा कुंभारांची होय. प्रस्तुत विवेचनात त्या कथेचा आणि त्याच जिल्ह्यातील अन्य काही श्रद्धास्थानांचा आधार घेऊन या प्रश्नाची मांडणी केली आहे.

(१) संज्ञांचा विचार

प्रथम ‘श्रद्धा’ व ‘अनुभव’ या दोन शब्दांचे अर्थ वेगळे केले पाहिजेत, कारण या वादातील बराचसा गोंधळ शब्दांच्या शैथिल्यातून निर्माण झालेला आहे. ‘श्रद्धा’ हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो : कुळात चालत आलेल्या आचाराचे पालन, आप्तवचनावरील, म्हणजे शास्त्राच्या अथवा गुरूच्या शब्दावरील, विश्वास, आणि प्रतिकूल परिस्थितीतही न ढळणारी निष्ठा. ‘अनुभव’ या शब्दाचेही असेच तीन पदर आहेत. दर्शन, संचार, समाधी यांसारखा असाधारण प्रसंग हा पहिला. नवस फळास येणे किंवा संकटातून सुटका होणे, ज्यास लोकभाषेत ‘प्रचीती’ म्हणतात, तो दुसरा. आणि मनुष्याच्या वृत्तीत व वर्तनात हळूहळू घडून येणारा स्थिर पालट हा तिसरा.

भारतीय प्रमाणशास्त्राच्या परिभाषेत श्रद्धेचा संबंध मुख्यतः शब्दप्रमाणाशी, तर अनुभवाचा संबंध प्रत्यक्षाशी येतो. या दोहोंच्या बलाबलाविषयी दर्शनांत एकमत नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी प्रामुख्याने अनुमानाचा आश्रय केला. कुमारिलांच्या मीमांसेने वेदांचे प्रामाण्य निरपवाद मानले. पण जगत्कर्ता ईश्वर नाकारला, आणि योग्यांचे अलौकिक प्रत्यक्षही नाकारले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभीच, दुसऱ्या सूत्रावर लिहिताना, धर्मजिज्ञासा व ब्रह्मजिज्ञासा यांत भेद केला : धर्माच्या बाबतीत श्रुतीच प्रमाण, परंतु ब्रह्माच्या बाबतीत श्रुतीच्या जोडीला अनुभवही प्रमाण, कारण ब्रह्मज्ञानाचे पर्यवसान अनुभवात होते. यावरून एवढे स्पष्ट होते की श्रद्धेचा आधार असलेला माणूस ईश्वरवादी असेलच असे नाही, आणि अनुभवाला मान देणाऱ्यास शब्द सोडावा लागतोच असेही नाही.

(२) तुळजापूर : कुळाचार, नवस आणि संचार

धाराशिव जिल्ह्यातील सर्वांत प्रख्यात देवस्थान म्हणजे बालाघाटाच्या डोंगररांगेतील तुळजापूर होय. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत त्याची गणना होते, आणि असंख्य मराठी कुळांची कुलदेवता म्हणून तुळजाभवानी पूजिली जाते. येथील भक्तीचे प्रथम रूप कुळाचाराचे आहे. लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ घालावा, नवरात्रात घट बसवावा, वर्षाकाठी एकदा तरी दर्शनास जावे, या गोष्टी करणारा माणूस आधी देवीच्या अस्तित्वाविषयी निर्णय करून मग त्या करीत नाही. तो त्या कुळात जन्मलेला असतो म्हणून करतो. येथे ‘विश्वास’ हा व्यक्तीच्या मनातील निश्चय नसून घराण्याच्या जीवनक्रमाचे एक अंग असतो. श्रद्धा की अनुभव, हा प्रश्न अशा भक्तास मुळात पडतच नाही. तो पडतो तेव्हा कुळाचाराची वीण कोठेतरी सैल झालेली असते.

दुसरे रूप नवसाचे होय. नवस फळला की तो फेडला जातो, आणि फळणे ही देवीची प्रचीती मानली जाते. तथापि, नवस न फळल्यास देवी नाही असा निष्कर्ष भक्त काढीत नाही. आपल्या सेवेत काही उणे राहिले, अथवा योग आला नाही, असे तो म्हणतो. तर्कदृष्ट्या पाहता, जी घटना अनुकूल घडली असता पुरावा ठरते पण प्रतिकूल घडली असता विरुद्ध पुरावा ठरत नाही, तिला पुरावा म्हणणे कठीण आहे. नवसाची प्रचीती श्रद्धा निर्माण करीत नाही; आधीच असलेल्या श्रद्धेला ती दृढ करते. यात भक्ताचा काही दोष आहे असे नव्हे. माणूस आपल्या जिवलगाविषयीही अशाच रीतीने विचार करतो. परंतु अशा प्रचीतीस ‘अनुभवसिद्ध प्रमाण’ असे नाव देणे मात्र योग्य नव्हे.

तिसरे रूप संचाराचे. कवड्यांची माळ घातलेले आराधी, संबळाच्या तालावर गोंधळ घालणारे गोंधळी, पेटता पोत नाचविणारे भक्त यांच्या मेळ्यात कोणाच्या तरी अंगात येते, आणि त्या अवस्थेतील शब्द हे देवीचे शब्द म्हणून ऐकले जातात. अनुभवाच्या तीव्रतेच्या दृष्टीने याहून बलवत्तर उदाहरण सापडणे कठीण. पण ही तीव्रता स्वतःची ग्वाही देऊ शकते काय? संचार खरा व संचार खोटा असा भेद गावातील जाणती माणसेही करतात. म्हणजे अनुभवाला अनुभवाबाहेरची कसोटी लावण्याची रीत लोकपरंपरेतही आहे. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही अंगात आल्याचा दावा करून लोकांत भीती पसरविण्यास अपराध ठरविले. अंगात देवी येते किंवा नाही, याचा निवाडा तो कायदा करीत नाही. त्या दाव्याने इतरांचे काय होते, एवढेच पाहतो. पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

(३) तेर : ज्याला दर्शन झाले तोच कच्चा

तेर हे तेरणा नदीच्या काठचे प्राचीन गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले ‘तगर’ ते हेच, असे विद्वानांनी निश्चित केले आहे. तेथील उत्खननांत व पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकालीन मृण्मूर्ती विपुल सापडल्या. मातीला आकार देण्याची व ती भाजण्याची कला ज्या गावात दोन सहस्र वर्षांपूर्वी इतकी प्रगत होती, त्याच गावात परंपरेने तेराव्या शतकातले मानलेले संत गोरोबाकाका हे व्यवसायाने कुंभार असावेत, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे.

कथा प्रसिद्धच आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदी संत एकत्र जमले असता, यांतील पक्के कोण व कच्चे कोण ते पाहावे, असे वयाने वडील असलेल्या गोरोबांस सुचविण्यात आले. गोरोबांनी आपले थापटणे घेतले आणि मडकी पारखावीत तशी एकेकाच्या मस्तकावर थाप मारण्यास आरंभ केला. इतर संत निमूट बसले. नामदेव मात्र रागावले. त्यावर, हे मडके अद्याप कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. अपमानित नामदेव पंढरपुरास जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे करू लागले. पण विठ्ठलानेही तो निर्णय उचलून धरला, आणि त्यांस विसोबा खेचरांकडे गुरूपदेशासाठी धाडले. लोकपरंपरेप्रमाणे औंढा नागनाथ येथील शिवालयात नामदेवांना विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले आढळले. पाय काढा, असे नामदेवांनी म्हणताच, जेथे लिंग नसेल तेथे ते तूच ठेव, असे विसोबांनी सांगितले. आणि नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत तेथे लिंग प्रकट होई.

या कथेचे स्वरूप ऐतिहासिक वृत्तान्ताचे नव्हे. ती नामदेवांच्या गाथेतील अभंगांतून आणि महिपतींच्या ‘भक्तविजया’तून आपल्यापर्यंत आली आहे, ‘भक्तविजय’ १७६२ साली, म्हणजे संतमंडळीच्या काळानंतर सुमारे साडेचार शतकांनी, पूर्ण झाला. यास्तव १३ व्या शतकात तेरला काय घडले, याचा ती पुरावा नाही. परंतु वारकरी परंपरेने अनुभवाविषयी काय विचार केला, याचा ती उत्कृष्ट पुरावा आहे. आणि येथे तोच अभिप्रेत आहे.

या कथेतील तत्त्वार्थ बहुधा नीट लक्षात घेतला जात नाही. नामदेवांच्या ठिकाणी श्रद्धेची उणीव नव्हती. अनुभवाचीही नव्हती. किंबहुना सर्व संतांत प्रत्यक्ष अनुभवाचा सर्वाधिक अधिकार त्यांचाच होता, कारण परंपरेनुसार विठ्ठलाने बालपणीच त्यांच्या हातचा नैवेद्य खाल्ला होता आणि तो त्यांच्याशी नित्य संभाषण करीत असे. श्रद्धा व अनुभव या दोनच गोष्टींनी ईश्वरनिष्ठा पूर्ण होत असती, तर त्या मेळ्यात नामदेवांहून पक्के मडके दुसरे नव्हते. असे असूनही कथाकाराने कच्चेपणाचा शिक्का त्यांच्यावरच मारला आहे. म्हणजेच, साक्षात दर्शन झालेला माणूसही कच्चा असू शकतो, हे या कथेचे मुख्य प्रतिपादन होय.

हा कच्चेपणा कशात होता? कथेत त्याची दोन लक्षणे दिसतात. एक, थाप बसताच नामदेवांचा अहंकार दुखावला. देव माझ्याशी बोलतो, यातील ‘माझ्याशी’ हा भाग त्यांच्या अनुभवात अजून कठीण होऊन राहिला होता. दोन, त्यांचा देव पंढरीच्या मूर्तीपुरता मर्यादित होता. अनुभव खरा होता, पण त्याचा अर्थ अपुरा होता. शिवालयातील प्रसंगाने ही मर्यादा मोडली. यानंतरचे नामदेवांचे परंपरागत चरित्र पाहिले तर या पालटाचा परिणाम ध्यानात येतो : ते उत्तरेत गेले, पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे, आणि सामान्यतः त्यांचीच मानली जाणारी ६१ पदे शिखांच्या ‘गुरू ग्रंथ साहिबा’त समाविष्ट झाली. मूर्तिपूजा न मानणाऱ्या परंपरेस आपलीशी वाटावी इतकी ती वाणी व्यापक झाली होती.

कुंभाराच्या व्यवसायातून घेतलेला हा दृष्टान्त येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. आव्यात भाजण्यापूर्वी आणि भाजल्यानंतर मडक्याचा आकार तोच असतो. डोळ्यांना फसवणूक होऊ शकते. थाप मारली की पक्के मडके खणखणते आणि कच्चे बद्द वाजते. पाणी भरले तर कच्चे मडके विरघळून जाते. मडके स्वतःच्या पक्केपणाची साक्ष आपण होऊन देऊ शकत नाही. ती दुसऱ्याच्या हाताने द्यावी लागते. ईश्वरानुभवाचीही पारख अनुभव घेणाऱ्याच्या हाती नसते, असा याचा अर्थ होतो. आणि परीक्षक कोण, तर कुंभार. शास्त्राचा नव्हे, तर हातातील कसबाचा अधिकार असलेला.

(४) परीक्षकाची परीक्षा

याच परंपरेने गोरोबांविषयी दुसरीही एक कथा जपून ठेवली आहे, आणि ती या प्रश्नाचा अधिक कठोर भाग पुढे आणते. गोरोबा चिखल तुडवीत असता नामस्मरणात इतके तल्लीन झाले की रांगत आलेले आपले तान्हे मूल पायांखाली तुडविले गेल्याचे त्यांना कळले नाही. पाणी घेऊन परतलेल्या पत्नीने हंबरडा फोडला आणि त्यांस जाब विचारला. पुढे गोरोबांचे हात तुटण्याचा प्रसंग येतो. आणि अखेरीस पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते हात पुन्हा फुटतात व मूलही परत मिळते, अशी कथेची समाप्ती होते.

तल्लीनता ही अनुभवाची पराकाष्ठा मानली तर गोरोबांचा अनुभव निःसंशय श्रेष्ठ होता. पण त्याची किंमत एका अर्भकाने दिली. कथाकारांनी हा प्रसंग झाकला नाही, आणि आईचा आक्रोशही गाळला नाही, ही विशेष गोष्ट होय. इतरांची पारख करणारा स्वतः पारखीच्या पलीकडे आहे, असे परंपरेने मानले नाही. ज्या नामदेवांस गोरोबांनी कच्चे ठरविले, त्यांच्याच कीर्तनात गोरोबांची उणीव भरून यावी, यातही परस्परपूरकतेचे सूचन आहे. मात्र मूल परत मिळणे हा कथेतील चमत्कार आहे. जीवनात तो घडत नाही. तो बाजूला ठेवल्यास प्रश्न शिल्लक राहतो : ज्या अनुभवात शेजारचे मूल दिसत नाही, तो अनुभव ईश्वराचा म्हणावा काय? या प्रश्नाचे उत्तर अनुभवाच्या तीव्रतेवरून देता येत नाही. ते केवळ नीतीच्या भूमिकेवरूनच देता येते.

(५) ईश्वरावाचून अनुभव, आणि अनुभवाची उलट साक्ष

अनुभवातून ईश्वरावरील विश्वास अपरिहार्यपणे निष्पन्न होतो काय, हेही पाहिले पाहिजे. याच जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली तेथे सल्लेखना व्रताने देह ठेवला. जैन दर्शनात जगत्कर्ता ईश्वर नाही. तरीही तेथे श्रद्धेस पूर्ण स्थान आहे. तत्त्वार्थांवरील श्रद्धान हेच सम्यग्दर्शन, अशी त्या दर्शनाची व्याख्याच आहे. देहाची आसक्ती शांतपणे सोडणाऱ्या साधकाचा अनुभव कोणत्याही भक्ताच्या अनुभवाहून उथळ होता, असे म्हणण्यास आधार नाही. यावरून निष्पन्न होते ते असे की, अनुभव आपले नाव स्वतः घेऊन येत नाही. त्यास ‘विठ्ठल’, ‘भवानी’ किंवा ‘शुद्ध आत्मा’ हे नाव ज्या श्रद्धेत साधक वाढला तीच देते.

उलट दिशेचा अनुभवही विचारात घेणे प्राप्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून लोक घरी येऊन निजले होते. लातूर जिल्ह्यातील औसा परिसराप्रमाणेच धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. एकंदर सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. धक्का सुमारे ६.२ प्रतीचा होता. पण स्थिर समजल्या जाणाऱ्या भूखंडाच्या अंतर्भागात, उथळ खोलीवर तो झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंतींची, जड माळवदांची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. विसर्जनाच्या रात्री झालेला हा संहार हा ईश्वराच्या अभावाचा अनुभव म्हणावा काय? आणि ढिगाऱ्यातून एखादे मूल जिवंत निघाले, तर तो ईश्वराच्या अस्तित्वाचा अनुभव म्हणावा काय? एकाच घटनेचे हे दोन्ही अर्थ लावता येतात, यातच व्यक्तिगत अनुभवाच्या प्रामाण्याची मर्यादा उघड होते. भूकंपाचे कारण भूशास्त्राने सांगावे, आणि घरे कशी बांधावीत हे स्थापत्याने सांगावे. त्या जागी ईश्वराचा कोप किंवा कृपा आणणे हे श्रद्धेसही भूषणावह नाही. परंतु मृत मुलाच्या आईने पुढे दिवा लावला किंवा लावला नाही, या दोहोंपैकी कोणत्याही कृतीला अंधश्रद्धा अथवा कृतघ्नता म्हणण्याचा अधिकार तर्काला पोचत नाही. तिसऱ्या अर्थाची श्रद्धा, म्हणजे प्रतिकूलतेतील निष्ठा, येथे सुरू होते. आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्यही येथेच असते.

(६) पारखीची तत्त्वे

विसाव्या शतकात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत दोन नावे प्रमुख आहेत. विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एडिंबरो येथील व्याख्यानांत असे प्रतिपादिले की, गूढानुभव ज्यास येतो त्याच्यापुरता तो प्रमाण असतो. मात्र इतरांनी तो विनाचिकित्सा स्वीकारावा असे कोणतेही बंधन त्यातून उत्पन्न होत नाही. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ च्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या ग्रंथात ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचा अभ्यास साक्षात्काराच्या दृष्टीने केला, आणि अनुभवाच्या सत्यतेसाठी त्याची सार्वत्रिकता, तसेच बुद्धी, भावना व नीती यांच्याशी असलेला त्याचा संबंध तपासावा, अशी भूमिका घेतली. जेम्स यांची मांडणी अनुभव घेणाऱ्यास स्वतंत्र सोडते; रानडे यांची मांडणी त्यासही कसोटीला लावते. तेरची कथा या बाबतीत रानडे यांच्या बाजूची आहे, आणि एका अर्थाने त्यांच्याही पुढे जाते, कारण ती परीक्षा संतांच्या मेळ्यात, उघडपणे आणि परीक्ष्याच्या मानापमानाची पर्वा न करता घडवून आणते.

वरील विवेचनाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येईल. ईश्वरावरील विश्वासाचा आरंभ बहुधा श्रद्धेतून, आणि त्यातही कुळाचारातून, होतो. अनुभव त्या श्रद्धेस जिवंतपणा देतो, परंतु स्वतःचे नाव व अर्थ यांसाठी तिच्यावरच अवलंबून राहतो. यास्तव श्रद्धा अनुभवाने सिद्ध होते असे म्हणणे, किंवा अनुभव श्रद्धेने सिद्ध होतो असे म्हणणे, दोन्ही अन्योन्याश्रयाच्या दोषास पात्र ठरतात. या वर्तुळातून बाहेर पडण्याची वाट पारखीची आहे, आणि ती पारख तीन प्रश्नांनी करावयाची असते : अनुभवाने अहंकार उतरला की चढला, ईश्वराची व्याप्ती वाढली की आपल्यापुरती आखडली, आणि शेजारच्या मुलावर दृष्टी राहिली की नाही. या कसोट्यांना उतरलेला विश्वास ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करतो, असे नव्हे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने तो प्रश्न त्यानंतरही खुलाच राहतो. पण त्या विश्वासाने जगणाऱ्या माणसाचा पक्केपणा मात्र त्यांतून कळतो. ईश्वरवादी व निरीश्वरवादी या दोघांनाही या तीन प्रश्नांची उत्तरे सारखीच द्यावी लागतात. थापटणे कोणाचेही मस्तक वगळीत नाही.